निवडणुकीच्या याचिका न्यायालयात का टिकत नाहीत?

‘मतचोरी’ हा शब्द २०२५ साली आपल्याकडे घरोघरी पोहोचला. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात रेंगाळणाऱ्या घोळक्यांतून, लोकलच्या डब्यातून, लग्नाच्या मांडवातून तो कानी पडू लागला. या चर्चांचा शेवट बहुधा एकाच प्रश्नाशी होतो : इतके आरोप होतात, तर न्यायालये ते तडीस का नेत नाहीत? याचिका दाखल होते तेव्हा वर्तमानपत्रांत मोठा मथळा असतो. काही महिन्यांनी आतल्या पानावर चार ओळी छापून येतात की, याचिका फेटाळली. कोणत्या कारणास्तव फेटाळली, हे त्या चार ओळींत सहसा नसते. मग ज्याचा पक्ष जिंकला तो म्हणतो, आरोप खोटे ठरले. ज्याचा पक्ष हरला तो म्हणतो, न्यायालयेही त्यांचीच. आमच्या मते ही दोन्ही विधाने बहुतेक वेळा चुकीची असतात. याचिका फेटाळली जाणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या शेजारच्याच एका मतदारसंघापासून आरंभ करू. मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात ४ जून २०२४ रोजी मतमोजणी झाली. मतदान यंत्रांतील मते मोजून झाली तेव्हा उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते होती. नऊ लाखांच्या वर मतांत फरक एका मताचा! टपाली मतांत वायकर यांना १,५५०, तर कीर्तिकर यांना १,५०१ मते मिळाली आणि अखेर वायकर ४८ मतांनी विजयी घोषित झाले. इतक्या निसटत्या निकालावर याचिका होणार हे उघड होते आणि ती झाली.

कीर्तिकर यांच्या याचिकेत एक आकडा महत्त्वाचा होता : ३३३. मतदार केंद्रावर जातो आणि त्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे त्याला कळते. अशा वेळी त्याची ओळख पटल्यास त्याला कागदी मतपत्रिका दिली जाते. ते मत यंत्रात जात नाही, स्वतंत्र लिफाफ्यात बंद करून ठेवले जाते. त्याला ‘टेंडर्ड व्होट’ किंवा प्रदत्त मत म्हणतात. अशी ३३३ मते या मतदारसंघात पडली, म्हणजे ३३३ तोतये मत देऊन गेले, असे याचिकेचे म्हणणे होते. फरक अवघा ४८ चा. सामान्य वाचकाला वाटेल, आणखी काय पुरावा हवा?

तरीही १९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संदीप मारणे यांनी ही याचिका साक्षीपुराव्यापर्यंत जाऊ न देता प्रारंभीच फेटाळली. याचिकेत आवश्यक त्या ठोस तथ्यांचा पाया नाही आणि गैरप्रकारामुळे निकालात प्रत्यक्ष फरक पडला हे दाखवणारे कथन नाही, हे त्याचे कारण. ३३३ मते तोतयांची होती असे क्षणभर धरले, तरी ती कोणाच्या पारड्यात पडली? सगळी वायकरांच्या पारड्यात पडली असतील तर निकाल उलटतो. निम्मी-निम्मी वाटली गेली असतील तर काहीच बदलत नाही. कीर्तिकरांना अधिक गेली असतील तर वायकरांची आघाडी उलट वाढते. याचिकाकर्त्याने याबाबत काही निश्चित सांगावे लागते. तसे सांगितले नाही, तर कायद्याच्या दृष्टीने ३३३ हा आकडा कितीही बोलका असला तरी मुका असतो.

यावर कोणी म्हणेल, आणि ते रास्तच आहे, की मतदान गुप्त असताना तोतयाने कोणाला मत दिले हे उमेदवाराने कोठून आणावे? लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे तर कोणत्याही मतदाराला ‘तू कोणाला मत दिलेस’ हे सांगण्याची सक्ती न्यायालयातही करता येत नाही. आपल्या गोव्यातील डॉ. विल्फ्रेड डिसोझा यांच्या निवडणूक खटल्यात १९७० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रदत्त मतांचाच प्रश्न आला होता. पहिले मत तोतयाचे होते हे आधी पुराव्याने सिद्ध करायचे आणि मगच प्रदत्त मताचा विचार करायचा, असा हा क्रम आहे. हा मार्ग कष्टाचा आहे : मतदारांना शोधा, त्यांना साक्षीला उभे करा, नोंदवहीतल्या सह्या पडताळा. पण मार्ग आहे. मात्र त्या मार्गाने जाण्याची तयारी याचिकेच्या पहिल्या पानापासून दिसावी लागते.

एकच दार, तेही पंचेचाळीस दिवस उघडे

येथे कायद्याची रचना थोडी उलगडून सांगणे आवश्यक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२९ (ख) प्रमाणे लोकसभेच्या वा विधानसभेच्या निवडणुकीला निवडणूक याचिकेखेरीज अन्य कोणत्याही मार्गाने आव्हान देता येत नाही. १९५१ साली, म्हणजे पहिली सार्वत्रिक निवडणूक चालू असतानाच, मद्रास प्रांतातील नामक्कल येथील एन. पी. पोन्नुस्वामी यांचा उमेदवारी अर्ज नाकारला गेला आणि ते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले : निवडणूक पूर्ण होऊ द्या, तक्रार असल्यास नंतर याचिका करा. मधल्या मधे न्यायालये निवडणुका थांबवू लागली, तर विधिमंडळे वेळेवर अस्तित्वातच येणार नाहीत, हा त्यामागचा विचार होता. तो आजही लागू आहे.

ही याचिका उच्च न्यायालयात करायची. ती त्या मतदारसंघातील उमेदवार किंवा मतदार करू शकतो. निकालापासून ४५ दिवसांच्या आत करावी लागते. दोन हजार रुपये अनामत भरावी लागते. ज्यांना प्रतिवादी करणे आवश्यक आहे त्यांना प्रतिवादी करावे लागते. मुदत, प्रतिवादी वा अनामत यांपैकी एका बाबतीत जरी चूक झाली, तरी कलम ८६ प्रमाणे उच्च न्यायालयाला याचिका फेटाळावीच लागते. तेथे न्यायाधीशाच्या मर्जीचा प्रश्न नाही. आपल्या दिवाणी दाव्यांत उशीर झाला तर ‘आजारी होतो’, ‘कागद मिळाले नव्हते’ असे सांगून उशीर माफ करून घेता येतो. निवडणूक याचिकेत तशी सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये हुकुमदेव नारायण यादव विरुद्ध ललित नारायण मिश्र या प्रकरणात स्पष्ट केले आहे. शेहेचाळिसाव्या दिवशी आलेली याचिका कितीही खरी असली तरी ती बाहेरच राहते.

हे निष्ठुर वाटेल. परंतु जमिनीच्या दाव्यात दोनच पक्ष असतात आणि नुकसान झाले तर त्यांच्यापैकी एकाचे होते. निवडणुकीत लक्षावधी मतदार असतात; त्यांतले बहुसंख्य न्यायालयात हजरही नसतात. निवडणूक रद्द झाली की त्या सर्वांची मते रद्द होतात. म्हणून एका माणसाच्या संशयाला हजारोंच्या मतावर मात करू देण्यापूर्वी कायदा त्या संशयाची कसून झडती घेतो. आमच्या समजुतीप्रमाणे या कठोरतेचे मूळ येथे आहे, न्यायाधीशांच्या अनास्थेत नाही.

तरीही एका बाबतीत ही कठोरता टोकाला जाते, असे आम्हांस वाटते. कलम १०० प्रमाणे विजयी उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने स्वतः भ्रष्ट आचार केला असेल, उदाहरणार्थ लाच दिली असेल वा धर्माच्या नावाने मते मागितली असतील, तर तेवढ्यावर निवडणूक रद्द होते. परंतु नियमांचा भंग, अवैध मते, चुकीने स्वीकारलेला उमेदवारी अर्ज अशा बाबींत निकालावर ‘प्रत्यक्ष परिणाम’ झाला हे सिद्ध करावे लागते. उत्तर प्रदेशातील वशिष्ठ नारायण शर्मा यांच्या १९५४ च्या प्रकरणात त्यांची आघाडी १,८७२ मतांची होती आणि ज्याचा अर्ज मुळात स्वीकारायलाच नको होता अशा एका उमेदवाराला १,९८३ मते पडली होती. तो रिंगणात नसता तर त्याची मते कोठे गेली असती? सर्वोच्च न्यायालय म्हणाले, ते आम्ही तर्काने ठरवणार नाही, पुरावा द्या. पुरावा नव्हता. निवडणूक कायम राहिली. चूक यंत्रणेने केली, ती सिद्धही झाली आणि तरी तिचा भार पराभूत उमेदवाराच्याच खांद्यावर राहिला. हा नियम बदलावा असे आम्ही म्हणत नाही, कारण तर्कावर निवडणुका रद्द होऊ लागल्या तर एकही निकाल टिकणार नाही. पण ज्याच्यावर हा भार पडतो, त्याला तो अन्याय का वाटतो, हे समजून घ्यायला हरकत नाही.

शहात्तर लाखांचे प्रकरण

महाराष्ट्र विधानसभेच्या २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाबाबत झालेली याचिका आपल्या वाचकांना आठवत असेल. सायंकाळी सहानंतर राज्यात ७६ लाखांच्या आसपास मते पडली, ही मते संशयास्पद आहेत, म्हणून सर्व २८८ मतदारसंघांतील निकाल रद्द करावेत, अशी मागणी विक्रोळीच्या एका मतदाराने केली होती. त्यांची बाजू ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी मांडली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी व आरिफ डॉक्टर यांच्या खंडपीठाने २५ जून २०२५ रोजी ती फेटाळली. सुनावणीत आपला संपूर्ण दिवस गेल्याची नाराजीही निकालात नोंदवली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला.

ही निवडणूक याचिका नव्हती, रिट अर्ज होता, ही पहिली अडचण. वर सांगितलेले दार सोडून खिडकीतून प्रवेश मागण्यासारखे ते होते. एका मतदारसंघातील मतदाराने २८८ मतदारसंघांचे निकाल एकत्र रद्द करण्याची मागणी करावी आणि त्यांतील विजयी उमेदवारांना आपले म्हणणे मांडण्याचीही संधी नसावी, हे कोणत्या न्यायात बसते? दुसरी अडचण तथ्यांची. सहा वाजता जे रांगेत उभे असतात त्या सर्वांना मतदान करू देणे हा नियमच आहे. तशा चिठ्ठ्या केंद्राध्यक्ष वाटतात. राज्यात सुमारे एक लाख मतदान केंद्रे होती. ७६ लाखांना एक लाखाने भागले, तर दर केंद्रामागे सरासरी ७६ मतदार येतात. एवढी रांग सहा वाजता असू शकते. काही केंद्रांवर ती नसूही शकते. नेमक्या कोणत्या केंद्रावर रांग नव्हती आणि तरी मते वाढली, हे कोणी दाखवले असते, तर त्या केंद्रापुरता प्रश्न उभा राहिला असता. राज्यभराची बेरीज मनात संशय निर्माण करते, परंतु ज्याची उलटतपासणी करता येईल असे काही ती न्यायालयाच्या हाती देत नाही.

येथेच ‘याचिका फेटाळली म्हणजे निवडणूक स्वच्छ ठरली’ या विधानातील दोषही दिसतो. उच्च न्यायालयाने ७६ लाख मतांची तपासणी करून ती खरी ठरवली, असे घडलेले नाही. या मार्गाने, या कागदांवर अशी मागणी मान्य करता येत नाही, एवढेच त्याने ठरवले. जिंकणाऱ्यांनी या निकालाचा अर्थ त्याहून मोठा करू नये.

अमेरिकेतील चौसष्ट खटले

प्रक्रियेवर फेटाळणे आणि गुणवत्तेवर फेटाळणे यांतील भेद जगाने सर्वांत मोठ्या प्रमाणात पाहिला तो अमेरिकेत, २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर. डोनाल्ड ट्रम्प ती निवडणूक ज्यो बायडेन यांच्याकडून हरले आणि त्यांच्या बाजूने सहा राज्यांत खटल्यांची रांग लागली. ते सगळे खटले तांत्रिक कारणांवरून उडवले गेले, पुरावा कोणी पाहिलाच नाही, असे आजही सांगितले जाते. त्यांच्याच रिपब्लिकन परंपरेतील माजी न्यायाधीश, सिनेटर व वकील अशा आठ जणांनी जुलै २०२२ मध्ये या ६४ खटल्यांचा एकेक करून हिशेब मांडला. २० खटले सुनावणीपूर्वी निकाली निघाले. १४ खटले दाखल करणाऱ्यांनीच मागे घेतले. ३० खटल्यांत गुणवत्तेवर सुनावणी झाली. यश आले ते एकाच, पेनसिल्व्हेनियातील. मतदाराने ओळखपत्राची त्रुटी दूर करण्याच्या मुदतीसंबंधीचा तो वाद होता आणि त्यातील मते निकाल बदलण्याइतकी नव्हती.

प्रक्रियेवर पडलेल्या खटल्यांतला एक पाहू. पेनसिल्व्हेनिया राज्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये कायदा करून सर्वांना टपालाने मतदानाची सोय दिली. त्या कायद्याखाली लक्षावधी लोकांनी मते दिली, बायडेन सुमारे ८० हजार मतांनी पुढे गेले, आणि मग २१ नोव्हेंबर २०२० रोजी काँग्रेस सदस्य माइक केली व इतरांनी मूळ कायदाच घटनाबाह्य असल्याचा दावा केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबरला तो फेटाळला : वर्षभर गप्प बसलात, निकाल विरुद्ध गेल्यावर जागे झालात. आपल्याकडे सामना संपल्यावर खेळपट्टीबद्दल तक्रार करणाऱ्या कर्णधाराला जे उत्तर मिळेल, तेच हे. टेक्सास राज्याने इतर चार राज्यांच्या मतमोजणीविरुद्ध थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावाही ११ डिसेंबरला बाहेरच्या बाहेर गेला. दुसऱ्या राज्याने आपली निवडणूक कशी घ्यावी यात टेक्सासचा कायदेशीर हितसंबंध काय, याचे उत्तर मिळाले नाही.

आता गुणवत्तेवरचे. नेवाडा राज्यात बायडेन ३३,५९६ मतांनी जिंकले होते. तेथे न्यायाधीश जेम्स रसेल यांनी साक्षीदारांच्या जबान्या घेऊ दिल्या, तज्ज्ञांची मते वाचली आणि मृतांच्या नावे मतदान, दुबार मतदान, सदोष यंत्रे अशा प्रत्येक आरोपाचा ४ डिसेंबर २०२० रोजी स्वतंत्र निर्णय दिला. पुराव्याचे कोणतेही माप लावले, अगदी सौम्यातले सौम्य, तरी आरोप सिद्ध होत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चार दिवसांत एकमताने कायम केला. ॲरिझोनात तर न्यायालयाने वादग्रस्त मतपत्रिकांचा नमुना प्रत्यक्ष तपासू दिला. १,६२६ मतपत्रिकांत नऊ चुका आढळल्या. चुका होत्या, पण त्या निकाल बदलणाऱ्या नव्हत्या आणि त्यांमागे कट नव्हता.

आम्हांला सर्वांत बोलका वाटतो तो पेनसिल्व्हेनियाच्याच संघीय न्यायालयातील १७ नोव्हेंबर २०२० चा प्रसंग. ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी हे बाहेर पत्रकारांपुढे मोठ्या घोटाळ्याची भाषा करत होते. न्यायाधीशांपुढे मात्र त्यांनी कबूल केले की, हा फसवणुकीचा खटला नाही. कारण उघड आहे. बाहेर काहीही बोलावे, त्याला उलटतपासणी नसते. न्यायालयात फसवणूक म्हटली की कोणी, कोठे, केव्हा, कशी, हे सांगावे लागते आणि खोटे सांगितले तर वकिली जाते. जुलियानी यांची न्यूयॉर्कमधील सनद २०२४ मध्ये खरोखरच रद्द झाली. या खटल्याच्या अपिलावर निकाल लिहिणारे न्यायाधीश स्टेफानोस बिबास हे ट्रम्प यांनीच नेमलेले होते. आरोप नेमका असावा लागतो आणि मग त्याला पुरावा लागतो, येथे दोन्ही नाहीत, असे त्यांनी लिहिले.

आपल्याकडच्या नेत्यांच्या पत्रकार परिषदा ऐकताना वाचकांनी हा भेद ध्यानात ठेवावा, मग नेता कोणत्याही पक्षाचा असो. जे व्यासपीठावरून सांगितले, तेच प्रतिज्ञापत्रावर सही करून सांगितले आहे काय?

जेथे पुरावा होता

न्यायालये निवडणुका रद्द करीतच नाहीत, असे मात्र नाही. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीची निवडणूक रद्द केली. एक लाखाच्या वरची त्यांची आघाडी आड आली नाही. विलेपार्ल्याची डिसेंबर १९८७ ची पोटनिवडणूक धर्माच्या नावाने मते मागितल्याच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो निर्णय उचलून धरला. तेथे भाषणे होती, त्यांच्या नोंदी होत्या.

प्रक्रियेचा काटा विजेत्यावर उलटल्याचेही उदाहरण आहे. केरळमधील परूर मतदारसंघात १९८२ साली देशात प्रथमच ५० केंद्रांवर मतदान यंत्रे वापरली गेली. सिवन पिल्लै १२३ मतांनी जिंकले. पराभूत ए. सी. जोस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. यंत्रात लबाडी झाली असे न्यायालयाने म्हटले नाही. कायद्यात यंत्राची तरतूदच नाही, एवढ्यावरून १९८४ मध्ये त्या केंद्रांवरील मतदान रद्द झाले, फेरमतदान झाले आणि जोस निवडून आले. ज्यांना प्रक्रिया म्हणजे केवळ सत्ताधाऱ्यांची ढाल वाटते, त्यांनी परूर विसरू नये.

अलीकडची दोन उदाहरणे अधिक ताजी आहेत. चंडीगडच्या महापौरपदासाठी ३० जानेवारी २०२४ रोजी मतदान झाले. विरोधी आघाडीकडे २० मते होती, भाजपकडे १६. निर्वाचन अधिकाऱ्याने आघाडीची आठ मते बाद ठरवली आणि भाजपचा उमेदवार विजयी घोषित झाला. परंतु तो अधिकारी स्वतःच मतपत्रिकांवर खुणा करीत असल्याचे चित्रीकरण झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्या मतपत्रिका मागवल्या, डोळ्यांनी पाहिल्या आणि २० फेब्रुवारी रोजी, म्हणजे तीन आठवड्यांत, आघाडीच्या कुलदीप कुमार यांना महापौर घोषित केले. पुरावा इतका उघड असला की प्रक्रियेचे दार आडवे येत नाही.

दुसरे उदाहरण हरयाणातील पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू या गावचे. नोव्हेंबर २०२२ च्या सरपंचपदाच्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तेव्हा न्यायालयाने मतदान यंत्रे दिल्लीला मागवून आपल्या अधिकाऱ्याकडून, चित्रीकरण करून, ऑगस्ट २०२५ मध्ये फेरमोजणी करवली. निकाल उलटला, पराभूत ठरलेला उमेदवार १,०५१ विरुद्ध १,००० मतांनी विजयी निघाला. गावकऱ्यांचा खरा सरपंच त्यांना पावणेतीन वर्षांनी मिळाला.

पावणेतीन वर्षे! येथे आमची खरी तक्रार आहे. निवडणूक याचिका शक्यतो सहा महिन्यांत संपवावी, असे कलम ८६ स्वतःच सांगते. याचिकाकर्त्याने पंचेचाळीस दिवसांची मुदत एका दिवसानेही चुकवायची नाही. न्यायालयाची सहा महिन्यांची मुदत मात्र कोणी गांभीर्याने घेत नाही. रायबरेलीचा निकाल चार वर्षांनी आला, विलेपार्ल्याचा अंतिम निकाल आठ वर्षांनी, त्या विधानसभेचा कार्यकाल संपून कितीतरी काळ लोटल्यावर. इतक्या उशिरा मिळालेल्या न्यायाने खुर्चीवर कोणाचेच काही बिघडत नाही.

दुसरी तक्रार पुराव्याच्या ताब्याविषयी आहे. न्यायालय म्हणते, नेमकी तथ्ये आणा. अंदाजाने मतपेट्या उघडायला सांगू नका. हे तत्त्व १९६४ पासूनचे आहे आणि ते योग्यही आहे. १९७१ मध्ये दक्षिण दिल्लीत हरलेल्या बलराज मधोक यांनी मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया करून शाई गायब केली व दुसरीकडे उमटवली, असा आरोप केला होता. (यंत्रांवरचा संशय नवा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या कागदी युगातील संशयाची नोंद घ्यावी.) सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये काही मतपत्रिकांचा नमुना तपासू दिला, पुढे तो आरोप टिकला नाही. नमुना तपासू दिला, यातच न्यायालयाचे शहाणपण होते, असे आम्ही मानतो. शंका दडपण्यापेक्षा ती तपासून संपवणे सोपे असते.

आजची दिशा याच्या उलट आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ मध्ये दुरुस्ती करून मतदान केंद्रांवरील चित्रीकरणासारखी इलेक्ट्रॉनिक सामग्री सर्वसामान्यांच्या तपासणीबाहेर ठेवली गेली. ३० मे २०२५ च्या पत्राने निवडणूक आयोगाने असे चित्रीकरण निकालानंतर पंचेचाळीस दिवसच राखावे, त्या अवधीत याचिका न झाल्यास ते नष्ट करता येईल, अशी सूचना दिली. चित्रीकरणाचा गैरवापर होतो, हे आयोगाचे कारण अगदीच निराधार नाही; महिला मतदारांच्या खासगीपणाचा प्रश्न खरा आहे. परंतु याचिकेत नेमकी तथ्ये हवीत, ती तथ्ये चित्रीकरणात आहेत आणि चित्रीकरण याचिकेपूर्वी पाहता येत नाही, असे हे वर्तुळ आहे. यंत्रांबाबत २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांच्या आत पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याचा अधिकार दिला. दोष आढळल्यास तपासणीचे शुल्क परत मिळते. चित्रीकरणाबाबत अशीच मर्यादित, देखरेखीखालची वाट काढता येणार नाही काय?

तोपर्यंत हाती जे आहे ते वापरले पाहिजे. मतदान संपताच केंद्राध्यक्षाने ‘१७ सी’ या नमुन्याची प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना द्यायची असते. त्या केंद्रावर किती मते नोंदली गेली आणि यंत्रांना लावलेल्या मोहरांचे क्रमांक काय, हे तीत असते. मोजणीच्या टेबलावर हाच आकडा ताडून पाहता येतो. मतदार तोतया आहे असा संशय आल्यास प्रतिनिधी दोन रुपये भरून तेथेच आक्षेप नोंदवू शकतो. आपले मत आधीच कोणी दिले असेल तर घरी न परतता प्रदत्त मतपत्रिका मागावी. तशी नोंद झाली तरच ती पुढे न्यायालयापर्यंत जाऊ शकते. आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण दर निवडणुकीत निरनिराळ्या पक्षांचे मतदान प्रतिनिधी म्हणून बसतात. दुपारच्या जेवणानंतर यांतील कित्येक खुर्च्या रिकाम्या होतात, आणि ‘१७ सी’ची प्रत सायंकाळी, मतदान संपल्यावर मिळते.